कप्तानाचे वय

घोकंपट्टी वाईट, हे मत आज इतके सर्वमान्य झाले आहे की तिच्या बाजूने उघडपणे बोलणारा माणूस शोधूनही सापडणार नाही. शिक्षणमंत्री तिचा निषेध करतात, संस्थाचालक करतात, आणि ज्यांचा सारा धंदा अपेक्षित प्रश्नांची पुस्तके छापण्यावर चालतो ते प्रकाशकही प्रस्तावनेत तिला दोन शब्द सुनावून मग कामाला लागतात. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेने पुस्तकी शिक्षण बाजूला सारून हाताच्या कामातून शिक्षण द्यावे असे सुचविले. १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोगाने परीक्षापद्धतीवर टीका केली. १९९३ साली यशपाल समितीने, दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचे ओझे मुलाला अधिक जड होते, असे निदान केले. २०२० च्या राष्ट्रीय धोरणानेही तेच सांगितले. इतक्या वर्षांत इतक्या थोर मंडळींचे ज्या गोष्टीवर एकमत झाले ती गोष्ट मात्र जागची हलली नाही.

असे होते तेव्हा मनात एक शंका येणे साहजिक आहे. जी गोष्ट सर्वांना वाईट वाटते आणि तरीही टिकते, ती कोणाच्या तरी सोयीची असली पाहिजे. घोकंपट्टी तर जवळजवळ सर्वांच्याच सोयीची आहे. तिच्यामुळे शिक्षकाला वर्गात अडचणीचा प्रश्न येण्याची भीती राहत नाही. परीक्षकाला झपाझप पेपर तपासता येतात. पालकाला, इतके तास अभ्यास म्हणजे इतके गुण, असा हिशेब मांडता येतो. सरकारला जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना करता येते. विद्यार्थ्यालाही ती सोयीची असते, हे आपण सहसा बोलून दाखवीत नाही. विचार करणे बेभरवशाचे काम आहे. तासभर विचार करून हाती काहीच लागत नाही, असे नेहमी घडते. तासभर घोकून काहीच पाठ झाले नाही, असे सहसा होत नाही.

तेव्हा घोकंपट्टीचा प्रश्न हा शिक्षणशास्त्राचा, म्हणजे कोणत्या पद्धतीने अधिक चांगले शिकता येते एवढ्यापुरताच आहे, असे मला वाटत नाही. त्याच्या मुळाशी एक नीतीचा प्रश्न आहे, आणि तो खरेपणाचा आहे.

एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर जहाजाच्या कप्तानाचे वय किती? १९८० च्या सुमारास फ्रान्समधील ग्रेनोबल येथे गणिताच्या अध्यापनाचा अभ्यास करणाऱ्या मंडळींनी या धर्तीचा प्रश्न सात ते नऊ वर्षांच्या शाळकरी मुलांपुढे ठेवला. बहुसंख्य मुलांनी दिलेल्या आकड्यांची काहीतरी जुळणी करून उत्तर काढून दाखविले. छत्तीस! कल्पना जुनीच आहे. फ्लोबेर या कादंबरीकाराने आपल्या बहिणीला लिहिलेल्या एका पत्रात असाच एक गमतीचा प्रश्न घातला होता. पण फ्लोबेरची ती थट्टा होती, आणि येथे मुले गंभीर होती.

या मुलांना बेरीज येत होती. मेंढी म्हणजे काय, वय म्हणजे काय, हेही त्यांना ठाऊक होते. हाच प्रश्न घरी आजीने घातला असता तर ती पोट धरून हसली असती. मग शाळेत ती का हसली नाहीत? कारण शाळेने त्यांना आणखी एक धडा शिकविला होता, आणि तो कोणत्याही पाठ्यपुस्तकात छापलेला नसतो. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर असतेच. ते प्रश्नात दिलेल्या आकड्यांतूनच निघते. आणि 'हे सांगता येणार नाही' असे म्हणण्यापेक्षा काहीतरी लिहिणे हे नेहमीच शहाणपणाचे असते, असा तो धडा. मुले अडाणी नव्हती. उलट, शाळेची चांगली विद्यार्थी होती.

आपल्या कोर्टकचेऱ्यांच्या भाषेत एक मार्मिक शब्द आहे: पढविलेला साक्षीदार. हा साक्षीदार खोटेच बोलतो असे नाही. तो सांगतो ती हकीकत पुष्कळदा अक्षरशः खरी असते. तरीही ती पढवून घेतलेली आहे असे उघड झाले की न्यायाधीश त्या साक्षीवर विसंबत नाही. कारण त्याने ते स्वतः पाहिलेले नसते. घोकून उत्तर लिहिणारा विद्यार्थी असाच साक्षीदार असतो. 'पृथ्वी सूर्याभोवती फिरते' हे त्याचे विधान सत्य आहे. पण सूर्य तर रोज डोक्यावरून पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना दिसतो, मग हे कशावरून, असा संशय त्याच्या मनाला कधी शिवलेला नसतो. उलट एखादी मुलगी म्हणते की पृथ्वी फिरत असती तर उडालेला पक्षी आपल्या झाडापासून मैलोगणती मागे पडला असता, म्हणून ती फिरत नाही. तिचे उत्तर चूक आहे, पण त्यामागे तिने पाहिलेले आकाश आहे आणि तिने स्वतः केलेले अनुमान आहे. शिवाय हा आक्षेप फार जुना आणि मातबर असून त्याला उत्तर देण्यासाठी गॅलिलिओला पुष्कळ शाई खर्चावी लागली होती. पेपर तपासताना पहिल्याला पूर्ण गुण आणि दुसरीला शून्य, हे कदाचित टाळता येणार नाही. परंतु सत्याच्या अधिक जवळ कोण आहे, असा प्रश्न केला तर माझ्या मते ती मुलगी आहे. आपली चूक दाखवून दिली असता ती दुरुस्त करू शकेल. त्या मुलाजवळ दुरुस्त करण्यासारखे काही नाहीच.

येथे एक घोटाळा होण्याचा संभव आहे, तो आधीच दूर केलेला बरा. पाठांतर आणि घोकंपट्टी या दोन वस्तू एक नव्हेत. अलीकडे नव्या शिक्षणाच्या उत्साहात पाठांतरालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची प्रथा पडली आहे. तिच्याशी मला सहमत होता येत नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी ज्यांच्या जिभेवर होती त्या जुन्या दुकानदारांचे मन हिशेबात मोकळे असे. जात्यावरच्या ओव्या आमच्या आज्यांनी कोणत्या वहीत उतरून घेतल्या होत्या? पाठ असलेल्या ओवीत बाई आपले दुःख घालून नवी ओवी रचीत असे. महानुभाव परंपरा असे सांगते की म्हाइंभटांनी सिद्ध केलेली लीळाचरित्राची मूळ पोथी पुढे धाडीत नष्ट झाली आणि अनुयायांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली. मराठीतील आद्य गद्यग्रंथांपैकी एक पाठांतराने वाचला, असाच याचा अर्थ. पण त्यातही लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की हे आठवणारे लोक पढतमूर्ख नव्हते. ही लीळा कोणी पाहिली, कोणी सांगितली, याचा शोध स्वतः म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून घेतला होता. आणि आठवणीआठवणींतला फरक पुढे पाठभेदांच्या रूपाने जपला गेला. साक्ष तपासून घेण्याची ही वृत्ती असेल तर पाठांतराने बिघडत नाही.

या बाबतीत छांदोग्य उपनिषदातील श्वेतकेतूची गोष्ट मला फार उद्बोधक वाटते. बाराव्या वर्षी तो गुरुगृही गेला, सर्व वेद शिकून चोविसाव्या वर्षी परत आला, आणि ताठ मानेने घरात वावरू लागला. बापाने, उद्दालकाने, ते ओळखले आणि त्याला एकच प्रश्न विचारला: जे कळले असता न ऐकलेलेही ऐकल्यासारखे होते, ते तू गुरूंना विचारलेस का? मुलाने ते विचारले नव्हते. मग बापाचे शिक्षण सुरू होते, आणि त्यात ग्रंथ नाही. वडाचे फळ आण, फोड, आतले बी फोड, काय दिसते ते सांग. मीठ पाण्यात टाक, सकाळी ते शोध, पाणी वरून, मधून, खालून चाखून पाहा. या साऱ्यात मला सर्वांत धीट वाटतो तो प्रयोग म्हणजे उपवासाचा. उद्दालक मुलाला पंधरा दिवस नुसत्या पाण्यावर ठेवतो आणि मग वेद म्हणावयास सांगतो. श्वेतकेतूला एक अक्षर आठवत नाही. जेवल्यानंतर सगळे आठवते. बारा वर्षांच्या ज्या पाठांतराचा एवढा ताठा, ते पंधरा दिवसांच्या भुकेने नाहीसे होते, हे मुलाला सांगून पटले नसते. ते त्याला अनुभवावे लागले. मात्र उद्दालकाने वेद टाकून दिले नाहीत, हेही विसरता कामा नये. त्याने मुलाला कोठारातून बाहेर काढून शेतात नेले, इतकेच.

मग आमच्या शाळा कोठारातच का राहिल्या? याचे खापर लॉर्ड मेकॉलेच्या डोक्यावर फोडून मोकळे होण्याची सवय आपल्याला आहे. मला ते कारण अपुरे वाटते. अधिक नेमके कारण हिशेबाच्या वह्यांत सापडते. इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लो याच्या पुढाकाराने शाळांच्या अनुदानाचा एक नवा नियम झाला. इन्स्पेक्टरने येऊन प्रत्येक मुलाची वाचन, लेखन आणि गणित यांत परीक्षा घ्यावी, आणि जितकी मुले पास होतील त्या मानाने शाळेला पैसे मिळावेत. 'निकाल तसा पगार' या नावाने ही पद्धत ओळखली गेली; मुंबई इलाख्यातील अनुदानातही तिने घर केले. मॅथ्यू आर्नल्ड हा कवी तेव्हा शाळांचा इन्स्पेक्टर होता. या नियमाने शिक्षण यांत्रिक होत चालले आहे, असे तो आपल्या अहवालांतून बजावीत राहिला. परिणाम अगदी स्वाभाविक झाला. शिक्षकांनी नेमलेले वाचनाचे पुस्तक मुलांकडून इतके घोकून घेतले की पुस्तक उलटे धरले तरी मूल धडधडा 'वाचीत' जाई. शिक्षक दुष्ट नव्हते. त्यांच्या घरची चूल त्या एका दिवसावर अवलंबून होती. इंग्लंडने ती पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोडून दिली. आपल्याकडे तिचा आत्मा अजून शाळेशाळेतून फिरतो, आणि दहावीच्या शेकडा निकालाचे फलक चौकाचौकात लागतात तेव्हा तो दृष्टीसही पडतो.

पण पैशाच्या भीतीखेरीज दुसरीही एक भीती आहे, आणि ती सज्जन व विद्वान माणसांनाही सुटत नाही. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत असताना न्यायमूर्ती रानडे यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याशी तुलना करून इंग्रजी राज्याला उणे ठरविले, आणि प्रिन्सिपल सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली, असे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. हे ग्रँटसाहेब कोणी हडेलहप्पी करणारे अधिकारी नव्हते. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे ते नामांकित संपादक व भाष्यकार होते, आणि रानड्यांच्या बुद्धीचे त्यांना कौतुकही होते. स्वतंत्र विचार करा, असे त्यांनी वर्गात अनेकदा सांगितले असेल. तो विचार फिरून आपल्याच खुर्चीपाशी आला तेव्हा मात्र तो त्यांना सोसवला नाही. वेगळ्या विचाराचे कौतुक करणारे आपण सर्व जण थोडेफार असेच असतो. मुलाने वेगळा विचार करावा, पण तो आपल्याला आवडेल असा असावा!

आता एका शाळामास्तराविषयी थोडे विस्ताराने लिहावयाचे आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात असताना, १९२७ साली, त्यांना स्वतंत्र गणिती लेखनाबद्दल रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते पदवीधर झाले आणि पुढे १९६२ साली निवृत्त होईपर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवीत राहिले. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. त्यांना नाद होता तो आकड्यांशी खेळण्याचा.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध वाचकांनी हातात पेन्सिल घेऊन स्वतःच पाहावा. कोणतीही चार अंकी संख्या घ्या. फक्त चारही अंक सारखे नकोत. समजा, १९४७ घेतली. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडले की ९७४१, आणि चढत्या क्रमाने १४७९. मोठीतून लहान वजा केली की ८२६२ उरतात. पुन्हा तेच करा: ८६२२ वजा २२६८, म्हणजे ६३५४. पुन्हा: ६५४३ वजा ३४५६, म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, म्हणजे ६१७४. आणि येथे गाडी थांबते; कारण ७६४१ मधून १४६७ वजा केले की पुन्हा ६१७४ च येतात. कोठूनही निघा, जास्तीत जास्त सात पावलांत याच मुक्कामाला यावे लागते. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत कापरेकरांनी हे मांडले, १९५५ साली त्यावरचा त्यांचा लेख एका अमेरिकन नियतकालिकात आला, आणि १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिले तेव्हा देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर झाले. तोवर आपल्याकडचे पुष्कळ गणिती त्यांच्या उद्योगाला पोरखेळ समजून हसत असत. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना म्हणून ते शिकवण्या करीत.

या साऱ्या खटाटोपाला वजाबाकीपेक्षा अधिक गणित लागत नाही. तिसरी-चौथीतले मूल हे करू शकते, आणि कोट्यवधी मुलांनी वजाबाक्या केल्या आहेत. कापरेकरांनी वेगळे केले ते एवढेच, की दुसऱ्याने घातलेली वजाबाकी सोडविण्याऐवजी त्यांनी स्वतःला एक वजाबाकी घातली आणि 'पुन्हा केले तर काय होईल?' असे विचारले. डोंबिवलीचे जुने नाव डेमलो. त्या स्टेशनावर सुचलेल्या संख्यांना त्यांनी डेमलो संख्या म्हटले. १२१, १२३२१, १२३४३२१ या त्यांतल्याच. दुसऱ्या एका प्रकाराला त्यांनी आपल्या गावाचे नाव दिले. २३ मध्ये त्याच्याच अंकांची बेरीज मिळविली की २८ होतात. म्हणजे २३ हा २८ चा जनक. मग ज्याला असा जनकच नाही, असा आकडा असेल का? असतो. २० हा तसा आहे, ३१ आहे, ४२ आहे. या देवळाली संख्या. तिन्हीसांजेला आगगाडीची वाट पाहत बाकावर बसलेल्या माणसाला असले काही सुचावे आणि त्याने त्याला स्टेशनाचे नाव ठेवावे, यातला आनंद ज्याला कळत नाही त्याने शिक्षणाविषयी बोलू नये, असे मी रागाच्या भरात म्हणून गेलो असतो. पण ते जाऊ द्या.

६१७४ चा उपयोग काय? सांगण्यासारखा काहीच नाही. आणि म्हणूनच हे उदाहरण मी निवडले. सर्जनशील विचाराची आज जी वकिली चालते ती बहुतेक बाजाराच्या भाषेत चालते. देशाला नवे शोध हवेत, उद्योगांना कल्पक माणसे हवीत, पाठ केलेले सांगण्याचे काम आता यंत्रेच करू लागली, तेव्हा मुलांना दुसरे काहीतरी शिकविले पाहिजे, वगैरे. यातले खोटे काहीच नाही. पण हा युक्तिवाद मान्य केला तर उद्या कल्पकताही यंत्राला जमू लागली की मुलाने विचार करणे बंद करावे, असे म्हणण्याची पाळी येईल. मूल स्वतः विचार करते याचे मोल त्यातून काय निपजते यावर नाही. ते मूल आहे, पेटी नव्हे, म्हणून त्याने विचार करावयाचा. एखाद्याला आयुष्यात एकही नवी गोष्ट सुचली नाही, परंतु जे मानले ते पारखून मानले, तर त्याचे शिक्षण यशस्वी झाले असे मी समजेन.

येथवर वाचून एखादा चौकस वाचक मला अडवील, आणि त्याने अडविलेच पाहिजे. तो म्हणेल, तुमचे हे स्वतंत्र विचाराचे कौतुक सुखवस्तू घरातले आहे. ज्याच्या घरी चार पिढ्यांची पुस्तके आहेत त्याच्या मुलाने वेगळे काही लिहिले तर ते प्रतिभेचे लक्षण ठरते; ऊसतोड कामगाराच्या मुलाने तेच लिहिले तर त्याला काही येत नाही असे ठरते. ठरलेला प्रश्न, ठरलेले उत्तर, ठरलेले गुण आणि उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी क्रमांक, एवढाच काय तो निःपक्षपाती न्यायाधीश गरिबाला या देशात भेटला. तोही तुम्ही काढून घेणार, आणि त्याच्या जागी मुलाखतीतील चटपटीतपणा बसविणार का?

या आक्षेपाला मी सर्वांत अधिक मान देतो. तो निम्म्याहून अधिक खरा आहे. सर्जनशीलतेच्या नावाखाली आज जे विकले जाते ते पाहिले की खात्रीच पटते. स्टेशनरीच्या दुकानात तयार 'प्रकल्प' मिळतो, ज्वालामुखीसकट. तो आणणाऱ्या मुलाच्या बापाच्या खिशाचे मूल्यमापन त्यातून उत्तम होते. तेव्हा दरवाजावरची परीक्षा राहावी, ती साधी असावी, उघड असावी आणि तिच्यात कोणाच्या बोलण्याची ऐट मोजली जाऊ नये, हे मला मान्य आहे.

पण प्रश्न दरवाजाच्या आत काय होते याचा आहे. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा त्यांच्या गौरवाची सभा झाली, आणि केळूसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. त्या परीक्षेने एक दार उघडले, यात शंका नाही. त्यानंतर नऊ वर्षांनी, १९१६ च्या मे महिन्यात, पंचवीस वर्षांचा हा तरुण कोलंबिया विद्यापीठातील एका चर्चासत्रात जातिसंस्थेवर निबंध वाचतो. सेनार, नेसफील्ड, रिस्ली आणि केतकर या चार विद्वानांनी केलेल्या जातीच्या व्याख्या तो घेतो, एकेक तपासतो, अपुरी ठरवितो आणि आपली मांडतो. त्या व्याख्या पाठ करून उत्तम गुण मिळविता आले नसते असे थोडेच आहे? पण त्या व्याख्या त्याच्याविषयी दुसऱ्यांनी केलेल्या होत्या. ज्यांच्याविषयीची सगळी उत्तरे आजवर इतरांनी लिहिली त्यांना ती उत्तरे पाठ करावयास लावणे, यासारखा दुसरा अन्याय मला तरी सुचत नाही. वंचिताला परीक्षेची गरज दारापुरती असते. स्वतःच्या प्रश्नाची गरज त्याला इतरांपेक्षा अधिक असते.

महात्मा फुल्यांना हे दिसले होते. १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षण बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे मागितले, आणि त्याबरोबर मोडी-बालबोध, हिशेब, इतिहास, भूगोल यांच्या जोडीला शेतीचे ज्ञान आणि आरोग्यही मागितले. शिवाय शिक्षक शेतकरी वर्गातला, प्रसंगी नांगर धरायला न लाजणारा असावा असे म्हटले. नांगर धरणारा शिक्षक कशासाठी? मूल काय पाहून शाळेत आले आहे हे ज्याला ठाऊक नाही, तो त्याचा प्रश्न ओळखणार कसा?

डहाणूचेच आणखी एक उदाहरण देतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबादच्या टेकडीवर नेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे राखतात, हे त्यांच्या ध्यानात आले. रूढ विचार असा की मुलांना शाळेत आणण्यासाठी काहीतरी करावे: समजूत घालावी, खाऊ द्यावा, दंड करावा. यांनी शाळाच कुरणात नेली. तिचे नाव कुरणशाळा. गुरे चरत आहेत आणि मुले आजूबाजूची पाने, दगड, बिया घेऊन शिकत आहेत. मुलाने वेगळा विचार करावा असे जिला वाटते त्या शिक्षिकेने आधी स्वतः एक वेगळा विचार करून दाखविला. त्यासाठी ना संगणक लागला, ना श्रीमंत पालक. अडचण वेगळीच असते. अशा बाईंना अहवालात भरण्यासाठी रकाना नसतो.

यावर काही तोड सुचवा, असे कोणी म्हणेल. साठ मुलांचा वर्ग, अपुरे मास्तर, वर निवडणुकीची आणि जनगणनेची कामे, हे सारे मला दिसते, आणि दिवाळी अंकातील लेखाने शिक्षणपद्धती बदलल्याचे उदाहरण माझ्या ऐकिवात नाही. तरी एक लहानशी गोष्ट मनात घोळते. प्रत्येक परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत शेवटी एक कोरी जागा असावी, आणि तेथे विद्यार्थ्याने त्या विषयातला, ज्याचे उत्तर आपल्याला ठाऊक नाही असा एक प्रश्न स्वतः लिहावा. कप्तानाचे वय यातून सांगता येणार नाही, असे म्हणण्याची मुभाही त्याच जागेत असावी.

एका शिक्षकमित्रापाशी हे बोललो तेव्हा तो म्हणाला, "त्याला पाच गुण ठेवलेत, तर पुढच्याच वर्षी 'अपेक्षित स्वतंत्र प्रश्न' या नावाचे गाईड बाजारात येईल, आणि पोरे ते पाठ करून येतील." तो बरोबर होता. म्हणून त्या जागेला गुण ठेवू नयेत. गुण नाहीत म्हटल्यावर बहुतेक मुले ती कोरीच सोडतील, आणि आई-बापही वेळ वाया घालवू नको म्हणून सांगतील. साठांतली दोन लिहितील. ते दोन प्रश्न शिक्षकाने घरी न्यावेत आणि दुसऱ्या दिवशी वर्गात मोठ्याने वाचावेत. उत्तर आपल्यालाही येत नसेल तर तसे सांगावे.